गहू कोठपर्यंत पेरावा? दक्षिण ऑस्ट्रेलियातील कन्याका आणि गॉयडरची रेषा

२०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्याच्या शेतीपट्ट्यात तीव्र दुष्काळ पडला. काही भागांत पावसाने आजवरच्या नोंदींतला नीचांक गाठला आणि मेंढ्या जगवण्यासाठी दुसऱ्या राज्यांतून वाळलेल्या गवताचे ट्रकच्या ट्रक आणावे लागले. या बातम्यांत 'गॉयडरची रेषा' हे नाव वरचेवर येत राहिले. भरवशाची शेती कोठपर्यंत करता येते, याची हद्द म्हणून ही रेषा ओळखली जाते. एका सरकारी अधिकाऱ्याने १६० वर्षांपूर्वी घोड्यावरून हिंडून नकाशावर ओढलेली ही रेषा उपग्रह आणि संगणक हाताशी असलेल्या काळातही का आठवावी लागते, असा प्रश्न ते वाचून कोणालाही पडेल. राज्याचा सगळा इतिहास सांगत बसण्यापेक्षा त्या रेषेपलीकडची एक छोटी वस्ती घेऊन या प्रश्नाचे उत्तर शोधणे अधिक सोपे जाईल, असे मला वाटते.

त्या वस्तीचे नाव आहे कन्याका. मराठी कानाला ते 'कन्यका'सारखे वाटते, पण त्याचा संस्कृतशी काही संबंध नाही. ते तिथल्या आदिवासी भाषेतून आलेले नाव आहे. ॲडलेडपासून उत्तरेला, रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरहून थोडे अधिक अंतरावर, क्वॉर्न आणि हॉकर या दोन लहान गावांना जोडणाऱ्या रस्त्यालगत हा मुलूख पसरलेला आहे.

आधी 'लोकॅलिटी' म्हणजे काय ते पाहू

आपल्याकडे गाव म्हटले की गावठाण आणि त्याभोवतीचे शिवार असे चित्र डोळ्यांपुढे येते. घरे एकत्र असतात, चावडी, देऊळ आणि शाळा असते, आणि माणसे सकाळी शेतावर जाऊन संध्याकाळी घरी परततात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात हे चित्र लागू पडत नाही. तेथे शेतकऱ्याचे घर त्याच्या स्वतःच्या जमिनीच्या मध्यावर असते आणि शेजाऱ्याचे घर कित्येक किलोमीटर दूर असू शकते. 'लोकॅलिटी' म्हणजे अशा विखुरलेल्या जमिनीभोवती सरकारने राजपत्रात जाहीर केलेली हद्द आणि त्या हद्दीला दिलेले नाव. आपल्या भाषेत सांगायचे तर गावठाण नसलेले नुसते शिवार. त्यात बाजार, शाळा, पोस्ट यांपैकी काहीही नसू शकते.

मग ही हद्द ठरवायची कशासाठी? मुख्यतः पत्त्यासाठी. रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाची गाडी अचूक जागी पोहोचावी म्हणून प्रत्येक घर कोणत्या ना कोणत्या लोकॅलिटीत मोडले पाहिजे, असा नियम आहे. घराचा क्रमांक देण्याची पद्धतही मोठी उपयुक्त आहे. रस्ता जेथून सुरू होतो तेथपासून फाटकापर्यंतचे अंतर मीटरमध्ये मोजायचे आणि त्याला १० ने भागायचे, की क्रमांक मिळाला. समजा एखाद्या फाटकावर २१४० लिहिले असेल, तर ते रस्त्याच्या आरंभापासून २१.४ किलोमीटरवर आहे. विषम क्रमांक डाव्या बाजूला आणि सम क्रमांक उजव्या बाजूला, त्यामुळे हे फाटक उजव्या हाताला येणार. रात्री-अपरात्री निघालेल्या चालकाला गाडीतल्या अंतराच्या आकड्यावरूनच घर सापडते.

जनगणनेच्या तक्त्यात अशा लोकॅलिटीपुढे कधी कधी लोकसंख्या शून्य किंवा अगदी थोडी दाखवलेली असते. आकडा फार लहान असला तर त्यावरून कोणत्याही कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून ऑस्ट्रेलियाचा सांख्यिकी विभाग तो मुद्दाम किंचित पुढे-मागे करतो. तेव्हा या तक्त्यांतील एक-दोन माणसांच्या फरकावरून काही निष्कर्ष काढू नये. कन्याका ज्या फ्लिंडर्स रेंजेस कौन्सिलमध्ये येते, त्या कौन्सिलचे क्षेत्र ४,००० चौरस किलोमीटरहून अधिक आहे आणि लोकसंख्या दोन हजारांच्या आत आहे. हा आकडा मात्र पुरेसा बोलका आहे.

जमिनीच्या दप्तरात आणखी एक शब्द भेटतो, तो म्हणजे 'हंड्रेड'. दक्षिण ऑस्ट्रेलियात जमीन मोजून विक्रीस काढताना सुमारे १०० चौरस मैलांचा एक तुकडा पाडत असत, त्याला हंड्रेड म्हणत. त्याचे पुढे क्रमांक दिलेले भाग पडत. आपल्या सातबाऱ्यावर गावाचे नाव आणि गट क्रमांक असतो, त्या धर्तीवर तेथे हंड्रेडचे नाव आणि भागाचा क्रमांक असतो. 'कन्याका' हे एका हंड्रेडचेही नाव आहे. एखाद्या कुरणाचे हंड्रेड झाले, याचा अर्थ सरकार ती जमीन शेतीसाठी विकायला काढत आहे, असा होत असे. पुढच्या सगळ्या कथेचे मूळ या एका निर्णयात आहे.

जमीन दिसते कशी?

उपग्रहाचा नकाशा उघडून क्वॉर्नपासून ईशान्येकडे हळूहळू सरकत गेले, तर दोन प्रकारच्या रेषा एकमेकींना छेदताना दिसतात. पहिल्या रेषा वाकड्या आणि गडद आहेत. त्या कोरड्या ओढ्यांच्या रेषा आहेत, आणि गडद दिसतात ती काठावरची रेड गम नावाची उंच निलगिरीची झाडे, जी वाळूखालच्या ओलाव्यावर जगतात. दुसऱ्या रेषा पट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत. ती मोजणीदारांनी पाडलेल्या तुकड्यांची कुंपणे आणि रस्ते होत. ओढे आपल्या मर्जीने वाहतात आणि कुंपणे कागदावरच्या मर्जीने जातात. या मुलखात जमीन आणि जमिनीचा कायदा यांचे किती कमी जुळले, हे पाहायला एवढा एक नकाशा पुरतो.

फ्लिंडर्स पर्वतराजीच्या लांबट खडकाळ रांगांमध्ये विलोक्राचे सपाट मैदान आहे. पावसाचे ढग प्रामुख्याने नैऋत्येकडून, समुद्रावरून येतात आणि आधी पश्चिमेच्या डोंगरांवर रिते होतात. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछाया ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मेलरोजला वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस मिळतो, तर हॉकरला जेमतेम ३०० मिलिमीटरच्या आसपास. उलट बाष्पीभवनाचा वेग असा, की या भागात एखादा हौद भरून उघडा ठेवला तर वर्षभरात दोन मीटरहून अधिक पाणी उडून जाईल. जे पाणी वाहते तेही समुद्राला मिळत नाही. विलोक्रा ओढा उत्तर-पश्चिमेकडे वळून टॉरेन्स नावाच्या खाऱ्या सरोवरात जिरतो, आणि ते सरोवर बहुतेक काळ कोरडेच असते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा दक्षिण गोलार्ध असल्यामुळे जून ते ऑगस्ट हा तेथला हिवाळा, आणि भरवशाचा पाऊस, जो काही पडतो तो, याच थंडीत पडतो. गहू पेरायचा तो एप्रिल-मेमधील पहिल्या चांगल्या पावसावर आणि कापायचा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. म्हणजे आपल्या रब्बीचे पीक आपल्या खरिपाच्या महिन्यांत, आणि तेही पूर्णपणे पडत्या पावसावर.

कुरण, मग गहू, मग पुन्हा कुरण

युरोपीय लोक येण्याच्या आधी हजारो वर्षे फ्लिंडर्स पर्वतराजीत अद्न्यमथन्हा आणि त्यांच्या शेजारचे आदिवासी समाज राहत होते. कायम टिकणारे पाणवठे कोणते, हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांच्या वाटा त्या पाणवठ्यांवरून जात. कन्याकाचा पाणवठाही त्यांपैकीच एक. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने या पर्वतराजीच्या मोठ्या भागावर अद्न्यमथन्हा लोकांचे पारंपरिक हक्क मान्य केले. या जमिनीचा इतिहास मेंढ्यांपासून सुरू करण्याची चूक म्हणूनच करू नये.

१८५२ मध्ये ह्यू प्रोबी या तरुण इंग्रजाने येथे कन्याका स्टेशन सुरू केले. ऑस्ट्रेलियात 'स्टेशन' म्हणजे सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतलेले अफाट चराऊ क्षेत्र आणि त्यावरचे मालकाचे ठाणे. त्याच वर्षी वादळी पावसात गुरे हाकताना विलोक्रा ओढ्याला अचानक लोंढा आला आणि प्रोबी घोड्यावरून वाहून गेला. तो २४ वर्षांचा होता. दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या मुलखाच्या पहिल्या पट्टेदाराचा जीव पुराने घेतला. येथील पाऊस थोडा आहे एवढीच अडचण नाही. तो केव्हा आणि किती येईल याचा काही नेम नाही, ही अडचण त्याहून मोठी आहे.

प्रोबीनंतरही ठाणे वाढत गेले. लाकूड दुर्मीळ असल्याने घरे, गोदामे आणि लोकर कातरण्याची लांबलचक शेड स्थानिक दगडात बांधली गेली. भरभराटीच्या काळात येथे सुमारे ७० कुटुंबे राहत असत. मग १८६० च्या दशकाच्या मध्यावर भीषण दुष्काळ आला आणि मेंढ्या हजारोंनी मेल्या. बैल आणि घोडेही टिकेनात, तेव्हा अंतर्भागात मालवाहतूक करायची कशी असा प्रश्न उभा राहिला. १८६५-६६ च्या उन्हाळ्यात थॉमस एल्डर या व्यापाऱ्याने कराचीहून शंभराहून अधिक उंट आणि त्यांचे उंटवाले पोर्ट ऑगस्टा बंदरात उतरवले. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती, तेव्हा या दूरच्या मुलखाच्या इतिहासातला एक धागा आपल्या इलाख्यापर्यंत येऊन पोहोचतो. पुढे कित्येक दशके फ्लिंडर्सच्या उत्तरेकडील लोकर आणि शिधासामग्री उंटांच्या तांड्यांनी वाहिली.

गॉयडरची रेषाही याच दुष्काळातली. जॉर्ज वुडरॉफ गॉयडर हे १८६१ पासून वसाहतीचे मुख्य भूमापन अधिकारी होते. मेंढपाळ पट्टेदार भाड्यात सूट मागत होते आणि खरा दुष्काळग्रस्त कोण हे सरकारला ठरवायचे होते. आपल्याकडे पैसेवारी काढतात, तसलेच हे काम. १८६५ च्या अखेरीस गॉयडर घोड्यावरून फिरले आणि दुष्काळ दक्षिणेकडे कोठपर्यंत पोहोचला आहे, ती हद्द त्यांनी नकाशावर दाखवली. ही रेषा पश्चिम किनाऱ्यावर सेडुनाजवळ सुरू होते, आग्नेयेकडे येऊन स्पेन्सर आखाताला भेटते, आखाताच्या पलीकडून उत्तरेला चढत मेलरोज-ओरोरूपर्यंत जाते आणि तेथून पुन्हा आग्नेयेकडे उतरत शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याच्या सीमेला लागते. कन्याका तिच्या उत्तर टोकापासून सुमारे सत्तर-ऐंशी किलोमीटर पलीकडे राहते.

१८६९ च्या कायद्याने सामान्य शेतकऱ्याला ६४० एकरांपर्यंत जमीन हप्त्याने विकत घेता येऊ लागली. १८७२ मध्ये या सवलतीची उत्तर सीमा म्हणून गॉयडरची रेषा कायद्यात आली. पण पुढची वर्षे चांगल्या पावसाची निघाली. रेषेपलीकडेही हिरवेगार दिसू लागले, जमिनीची मागणी वाढली, वर्तमानपत्रे आणि लोकप्रतिनिधी गॉयडरांना भित्रे ठरवू लागले आणि १८७४ मध्ये ती मर्यादा कायद्यातून काढून टाकण्यात आली. 'नांगर पुढे जाईल तसा पाऊस मागोमाग येतो' असा एक समज त्या काळी पसरला होता. जमीन नांगरली की हवामानच बदलते, असे अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातही लोक मानत होते. आज हे हास्यास्पद वाटेल, पण तीन-चार वर्षे सलग कणसे डोलताना पाहिलेल्या माणसाला ते पटणे स्वाभाविक होते, आणि त्या शेतकऱ्यांना मी दोष देणार नाही.

कन्याकाची कुरणे सरकारने परत घेतली, हंड्रेड पाडले आणि शेतकरी आले. १८७९ मध्ये रेल्वे क्वॉर्नला आणि १८८० मध्ये हॉकरला पोहोचली. मैदानात गॉर्डन, विल्सन, हॅमंड अशी गावे आखली गेली. सिमन्स्टन नावाचे एक गाव तर रेल्वे येणार या भरवशावर बांधायला घेतले, पण रेल्वे दुसऱ्या वाटेने गेली आणि ते गाव वसलेच नाही. १८८० पासून पाऊस फिरला. सलग पिके बुडाली, हप्ते थकले, सरकारला अटी शिथिल कराव्या लागल्या आणि कुटुंबे दक्षिणेकडे परतू लागली. दगडी भिंती मात्र तेथेच राहिल्या. त्या अजूनही क्वॉर्न-हॉकर रस्त्यावरून जाता जाता दिसतात, छपराविना, चुलीच्या धुराड्यांसकट.

६४० एकरांचा तुकडा हेच या आपत्तीचे दुसरे कारण होते आणि त्याची चर्चा कमी होते. ६४० एकर म्हणजे सुमारे २५९ हेक्टर. ओल्या प्रदेशात हे मोठे शेत झाले. पण या मुलखात एका मेंढीला उदाहरणापुरते ४ हेक्टर चराई लागते असे धरले, तर एवढ्या जमिनीवर जेमतेम ६५ मेंढ्या पोसतील, आणि तेवढ्यावर कुटुंब चालणार नाही. म्हणजे गहू बुडाला तर मेंढ्यांवर जगू, हा पर्यायही शेतकऱ्याच्या हाती ठेवला नव्हता. पुढे एकाचे सोडलेले तुकडे दुसऱ्याने जोडत नेले आणि जमीन पुन्हा मोठ्या चराऊ क्षेत्रांत गोळा झाली. आज कन्याकाचा बहुतेक भाग मेंढ्यांखाली आहे.

पर्जन्यमापक नसताना रेषा काढली कशी?

गॉयडरांकडे पावसाच्या दीर्घकालीन नोंदी जवळजवळ नव्हत्या. त्यांनी झाडोरा वाचला. दक्षिणेकडे मॅली नावाची, एकाच बुंध्याच्या गाठीतून अनेक खोडे फुटणारी ठेंगणी निलगिरी वाढते. उत्तरेकडे ती विरळ होत जाते आणि सॉल्टबुश, ब्लूबुश ही राखाडी-निळसर पानांची खुरटी झुडपे सुरू होतात. सॉल्टबुशची पाने खारट असतात, ते खाऱ्या जमिनीतही तग धरते आणि दोन-दोन वर्षे पाऊस नसला तरी पूर्णपणे मरत नाही. मेंढ्या ते खातात. एका प्रकारचा झाडोरा संपून दुसरा जेथे सुरू होतो, तेथे ही रेषा आली.

यातले शास्त्र समजायला सोपे आहे. एखाद्या घराची ऐपत कळण्यासाठी त्या घरातल्या लग्नाचा थाट पाहून भागत नाही, वीस वर्षांचे पासबुक चाळावे लागते. एका वर्षीचा हिरवा रंग हा लग्नातला थाट आहे. उलट पन्नास-शंभर वर्षांच्या झुडपाने त्या काळातले सगळे ओले आणि सगळे कोरडे हंगाम सोसलेले असतात. जेथे मॅलीचे झाड टिकले नाही, तेथे कधी ना कधी असा काळ येऊन गेला की ज्यात ते टिकू शकत नव्हते. झाडोरा हा पावसाचा जमा-खर्च असतो, आणि त्यात वाईट वर्षांची नोंद कधी गाळली जात नाही.

पुढे पर्जन्यमापकांच्या नोंदी जमल्या तेव्हा ही रेषा साधारणपणे २५० ते ३०० मिलिमीटर वार्षिक पावसाच्या रेषेशी जुळते असे दिसून आले. मात्र गॉयडरांच्या बाजूने बोलताना अतिशयोक्ती नको. त्यांनी रेषा काढली ती दुष्काळाची व्याप्ती दाखवण्यासाठी. 'येथपर्यंत गहू, पलीकडे नाही' हा अर्थ तिला नंतर चिकटला.

सरासरी पाऊस पुरेसा असताना पीक का बुडते?

हॉकरचा सरासरी पाऊस जवळजवळ रेषेइतकाच आहे, मग तेथे शेती का साधली नाही, अशी शंका जाणत्या वाचकाच्या मनात आली असेल. या शंकेचे उत्तर दक्षिण ऑस्ट्रेलियातीलच फ्रेंच आणि शुल्ट्झ या दोन कृषिशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलेल्या एका साध्या हिशेबात आहे. एप्रिल ते ऑक्टोबर या हंगामातला पाऊस मिलिमीटरमध्ये घ्यायचा. त्यातून ११० वजा करायचे, कारण तेवढे पाणी मातीतून नुसते उडून जाते. उरलेल्या प्रत्येक मिलिमीटरमागे हेक्टरी जास्तीत जास्त २० किलो गहू येऊ शकतो.

म्हणजे हंगामात २२० मिलिमीटर पाऊस झाला तर हेक्टरी २,२०० किलो, एकरी साधारण ९ क्विंटल. पाऊस चौथाईने घटून १६५ वर आला तर उत्पन्न चौथाईने घटत नाही, ते निम्मे होते : १,१०० किलो. आणि पाऊस निम्मा, म्हणजे ११० मिलिमीटर झाला, तर हाती काहीच लागत नाही. बावीस हजार पगार आणि अकरा हजार घरभाडे असलेल्या माणसाला हे चांगले कळेल. पगार साडेसोळा हजारांवर आला की शिल्लक निम्मी होते आणि अकरा हजारांवर आला की शिल्लक उरतच नाही. घरमालक भाडे कमी करत नाही, आणि कोरडी हवाही आपला वाटा सोडत नाही.

आता पाच वर्षे कल्पून पाहा. हंगामी पाऊस अनुक्रमे ३००, २८०, २१०, १०० आणि ११० मिलिमीटर. सरासरी २०० येते, जी वाईट नाही. गव्हाचे उत्पन्न मात्र ३,८००, ३,४००, २,०००, शून्य आणि शून्य. पाच वर्षांची सरासरी १,८४० किलो, तीही कागदावर ठीकच दिसते. पण जमिनीचा हप्ता सरासरीवर भरता येत नाही, तो दरवर्षी भरावा लागतो, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी पुढच्या पेरणीचे बियाणेही घरात उरत नाही. १८७० च्या दशकातल्या चांगल्या वर्षांमागून १८८० च्या दशकातली वाईट वर्षे ओळीने आली, तेव्हा विलोक्राच्या मैदानात असेच घडले. जमिनीचा वापर ठरवताना सरासरीच्या आधी वाईट वर्षांची लांबी पाहिली पाहिजे, हे मी या साऱ्या प्रकरणातून शिकलो आणि या लेखात मला प्रामुख्याने तेच सांगायचे आहे.

'मग पाणी आणून का देत नाहीत?'

कारण आणण्याजोगे पाणी जवळपास नाही. ओढे वर्षातले बहुतांश दिवस कोरडे असतात, आणि धरण बांधले तरी उघडे पाणी किती झपाट्याने उडते ते वर पाहिलेच. भूजल आहे, पण ते बऱ्याच ठिकाणी खारट आहे. मेंढ्या काही प्रमाणात खारट पाणी पिऊन राहू शकतात, गहू तसे करू शकत नाही. हॉकरसारख्या लहान गावाला तर पिण्याच्या पाण्यासाठीही बोअरचे पाणी क्षारमुक्त करणारे संयंत्र बसवावे लागले आहे. अशा महाग पाण्यावर शेकडो हेक्टर गहू भिजवणे कोणत्याही भावात परवडणारे नाही.

'आजचे तंत्र वापरले तर रेषा ओलांडता येणार नाही का?'

काही अंशी येते, आणि लोक ती ओलांडतातही. नांगरट न करता, आधीच्या पिकाचे खुंट तसेच ठेवून थेट पेरणी करण्याची पद्धत आता ऑस्ट्रेलियात सर्वत्र रुळली आहे. त्यामुळे माती उघडी पडत नाही, ओल टिकते आणि ते ११० मिलिमीटरचे 'भाडे' थोडे कमी होते. लवकर पक्व होणारी वाणे आहेत आणि हवामानाचे अंदाजही सुधारले आहेत. रेषा म्हणजे काही भिंत नव्हे, तिच्या दोन्ही बाजूंना काही किलोमीटर संदिग्ध पट्टा आहे. पण त्या पट्ट्यातही वाईट वर्ष आले की पीक जाते. तंत्राने नुकसान कमी केले आहे. पाऊस वाढवणे त्याच्या हाती नाही.

दुसऱ्या बाजूने रेषेखालची जमीनही सरकते आहे. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याच्या आणि राष्ट्रीय विज्ञान संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या आग्नेय भागात एप्रिल ते ऑक्टोबरमधला पाऊस १९९४ पासून सुमारे ९ टक्क्यांनी घटला आहे. नऊ टक्के हा आकडा लहान वाटतो, पण वरचा हिशेब लावा. २२० चे २०० झाले, की २,२०० किलोचे १,८०० होतात. जी शेते आज रेषेच्या आत सुरक्षित मानली जातात, त्यांच्यातली कडेची शेते उद्या तिच्यावर किंवा तिच्यापलीकडे असतील, असे अभ्यासक म्हणतात ते याच हिशेबामुळे.

'एवढी जमीन रिकामी ठेवणे म्हणजे नासाडी नाही का?'

दाटीवाटीच्या देशातून पाहणाऱ्याला असे वाटणे साहजिक आहे. पण ती जमीन रिकामी नाही, तिच्यावर तिला पेलेल तेवढेच ओझे ठेवलेले आहे. राज्याच्या सुमारे ४० टक्के भूभागावर चराऊ भाडेपट्टे आहेत. १९८९ च्या कायद्यानुसार हे पट्टे ४२ वर्षांच्या मुदतीचे असतात, जमिनीची स्थिती तपासली जाते, जनावरांच्या संख्येवर मर्यादा असते आणि आदिवासींना पारंपरिक कामांसाठी त्या जमिनीवर येण्या-जाण्याचा हक्क असतो. कन्याका हंड्रेडमध्ये मोडत असल्याने तेथील जमिनीचे दप्तर वेगळे आहे, पण चराईचा नियम निसर्गाने तोच घालून दिला आहे. सॉल्टबुश वाढायला वर्षे लागतात आणि भुकेल्या मेंढ्या ते एका उन्हाळ्यात खुडून संपवतात. झुडूप गेले की वारा वरची माती नेतो, आणि गेलेली माती त्या पट्टेदाराच्या हयातीत परत येत नाही. विलोक्राच्या मैदानात जेथे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी नांगर फिरला, तेथे काही ठिकाणी मूळ झुडपे अजूनही पुरती परतलेली नाहीत.

मग आजचा शेतकरी काय करतो?

रेषेच्या आसपास राहणारा शेतकरी मे महिना उजाडला की आकाशाकडे आणि मातीकडे पाहतो. पहिला पाऊस वेळेवर आणि पुरेसा झाला, तर निवडक वावरांत बार्ली, ओट किंवा गहू पेरतो, उरलेल्या क्षेत्रावर मेंढ्या असतातच. सप्टेंबरपर्यंत पाऊस टिकला तर पीक कापणीला जाते. मध्येच उघडीप पडून कणसे भरणार नाहीत असे दिसले, तर तो फाटक उघडून मेंढ्या त्या उभ्या पिकात सोडतो आणि तोच वर्षाचा चारा होतो. मेमध्ये पाऊस झालाच नाही, तर बियाणे कोठारातच राहते आणि मेंढ्यांपैकी किती विकायच्या याचा निर्णय त्याला जूनच्या आत घ्यावा लागतो, कारण एकदा सगळ्यांनीच विकायला काढल्या की भाव पडतात.